एक संगं, एक तिकडं

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय दिला तो असा: गाजलेल्या कादंबरीचा पुढचा भाग दुसऱ्याच लेखकानं लिहिला, तर मूळ गोष्टीत फेरफार करायचा अधिकार त्याला आहे का? मी एका प्रकाशनात अडतीस वर्षं काढली, आधी मुद्रितशोधक म्हणून आणि नंतर संपादक म्हणून. तेव्हा माझं यावर काही ठाम मत असणार, असं त्यांना वाटलं असावं. माझ्याकडं मत नाही. जे घडलं ते सांगते. माणसांची आणि पुस्तकांची नावं बदलली आहेत, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे.

लोकांना वाटतं, मुद्रितशोधक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणारा माणूस. ते बघावं लागतंच. पण पाचव्या प्रकरणात काकांचे डोळे घारे असतील आणि विसाव्यात काळे, तर ते पकडणं हे खरं काम. लेखक विसरतो. वाचक विसरत नाही, म्हणून आम्हीही विसरायचं नसतं. जालन्याहून एक निवृत्त जमादार दर दिवाळीच्या आधी आमच्या औरंगपुऱ्याच्या ऑफिसात यायचे. आमच्या रहस्यकथांमधल्या इन्स्पेक्टरला बढती द्या, एवढीच त्यांची मागणी. "बाई, वीस खून उघडकीला आणले त्यानं. अजून इन्स्पेक्टरच? खात्यात असं होत नसतं." एका दिवंगत लेखकाचा पुतण्या असाच चुलत्याच्या कादंबरीचा पुढचा भाग लिहून घेऊन आला होता. त्यात विधवेचं लग्न झालं होतं आणि खलनायक व्यसनमुक्ती केंद्र चालवत होता. ते बाड मी चहा पाजून परत केलं. मूळ गोष्टीला हात लावायचा नाही, असं तेव्हा मी छातीठोकपणे सांगायची. असं सांगण्याचा मला काही हक्क नव्हता, हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

मी कामाला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. खाली छापखाना, वर दोन खोल्या. शिशाचे खिळे एकेक जुळवून पान तयार व्हायचं. पहिल्याच वर्षी दौलताबादच्या शाळेत शिकवणारे शेलगावकर सर आपली पहिली कादंबरी घेऊन आले, 'इंदूचा माळ'. किल्ल्याखालच्या गावातली इंदू. नवरा रोज मारतो. एका पहाटे ती तान्ह्या मुलीला पोटाशी बांधून घर सोडते, माळ तुडवत शहरात येते, कापसाच्या जिनिंगमध्ये काम धरते, मुलीला वाढवते. एवढीच गोष्ट, पण सरांनी ती अशी लिहिली होती की खिळे जुळवणारे हात मध्येच थांबायचे.

हस्तलिखितात इंदूला दोन मुलं होती. ती निघते तेव्हा चार वर्षांचा मुलगा आजीच्या कुशीत झोपलेला असतो. त्याला उठवावं तर आजी उठणार. ती त्याला तिथंच ठेवून निघते.

पुस्तक जवळजवळ सगळं जुळवून झालं होतं, तेव्हा सर आले आणि माझ्या टेबलासमोर बसले.

"बाई, मुलगा काढायचाय."

"काढायचाय म्हणजे?"

"ती घर सोडते त्याच्या वर्षभर आधीच तो तापानं गेला, असं करायचं."

आमचे मालक अण्णा भडकले. जुळवलेल्या पानात एक ओळ कमी झाली तरी पुढची सगळी पानं सरकतात. पण सर ऐकेनात. अण्णा खाली गेल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, की इंदू खरी आहे. तिचं नाव कौसाबाई, शहराच्या टोकाला हर्सूलला राहते. सरांनी तिला हस्तलिखित वाचून दाखवलं होतं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "समदं खरं लिवलं सर, पण पोरगं मेलं असं लिवा. जितं ठिवून आली म्हनलं तर उद्या माझी पोरगी मला काय म्हनंल?"

"हे तुमच्यापाशीच ठेवा," सर म्हणाले. मी मान डोलावली.

पानं सरकू नयेत म्हणून झोपलेल्या मुलाच्या सहा ओळी काढून तिथं मोजून सहाच ओळी बसवायच्या होत्या. सर कागद पुढं ओढून बसले. बराच वेळ झाला तरी कागद कोराच. शेवटी पेन माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "तुम्हीच लिहा. माझा हात चालत नाही."

मी लिहिलं. ताप, उशाला कडुलिंबाचा डहाळा, आणि मूल गेल्यावर इंदू त्याचं अंगडं धूत नाही, वास जाईल म्हणून. मूल दगावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तरी लिहिताना सुचत गेलं, आणि सुचतंय याचा आनंद झाला, हेही कबूल करते. मग पुस्तकभर हिंडून जिथं जिथं तो मुलगा जिवंत होता तिथून त्याला काढलं. अकरा जागा होत्या.

बारावी निसटली. जिनिंगमधल्या प्रकरणात मुकादम इंदूला विचारतो, "पोरं किती?" आणि ती सांगते, "दोन. एक संगं, एक तिकडं."

पुस्तक आलं आणि बायकांनी ते उचलून धरलं. पाकिटं भरभरून पत्रं यायची. कितीतरी जणींनी नवऱ्याचं घर सोडताना पिशवीत ते पुस्तक टाकलं होतं. कथाकथनाच्या स्पर्धांत मुली अंगड्याचा उतारा पाठ म्हणायच्या. एका प्राध्यापकांनी तर 'तिकडं' या एका शब्दावर लेख लिहिला. मेलेलं मूलही मोजणारी आई, देवाघरचा उल्लेख एका शब्दात करणारा संयम, असं बरंच काही. त्या लेखामुळं माझी चूक माझ्या ध्यानात आली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या. लोक चांगला अर्थ लावतायत."

सरांना जाऊन पंधरा वर्षं झाली. अण्णाही गेले. त्यांचा मुलगा समीर प्रकाशन बघू लागला. चार वर्षांपूर्वी बजाजनगरहून रेवती नावाची एक पस्तिशीची बाई आली. 'इंदूचा माळ'चा पुढचा भाग तिनं लिहिला होता. सरांच्या मुलानं तशी परवानगी दिली होती. मी बाड घरी नेलं ते परत करण्याच्या तयारीनंच.

ते मी दोन बैठकींत संपवलं. इंदू म्हातारी झाली आहे, मुलगी मोठी झाली आहे आणि एक दिवस मुलीला कळतं, की आपला भाऊ तापानं गेलाच नव्हता. आई त्याला झोपेत सोडून आली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो. मी म्हणाले, "पुढच्या भागानं पुढचं सांगावं. मागचं पुसू नये. ज्या बायका त्या मुलासाठी रडल्या त्यांना तुम्ही सांगताय, की तुमचं रडणं फुकट गेलं."

रेवतीनं पिशवीतून आपली जुनी प्रत काढली, पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी काही पुसत नाही, मॅडम. हे त्यातच आहे. एक संगं, एक तिकडं."

"तिकडं म्हणजे देवाघरी."

"तसं सगळे म्हणतात. वडील वाळूजला कंपनीत लागले तेव्हा बजाजनगरात एकच खोली होती. आईबाबांनी धाकट्या भावाला जवळ ठेवलं आणि मला आजीकडं गावी. आई शेजारणींना सांगायची, एक इथं असतो, एक तिकडं असते. तिकडं म्हणजे कुठं, ते मागं राहिलेल्या पोराला बरोबर कळतं."

समीर माझ्याकडं बघत होता. एवढ्या वर्षांत लाखो डोळ्यांखालून गेलेली माझी चूक एका वाचकानं बरोबर वाचली होती, आणि वर ती तिच्यापुरती खरीही होती.

पुढच्या रविवारी मी हर्सूलला गेले. तलावाकडच्या वस्तीत विचारत विचारत घर सापडलं. कौसाबाई सत्तरीला टेकल्या होत्या, पण ताठ होत्या. मुलगी मंगल अंगणवाडीत शिकवते. पुस्तकाच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर तिनं मला खुर्ची दिली आणि कपाटातून 'इंदूचा माळ' काढला. पानं पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्टी.

"आमच्या आईची गोष्ट आहे ही," ती म्हणाली. "मी आठवीत असताना आईला पहिल्यांदा वाचून दाखवली. अंगड्याचं आलं की दोघी रडायचो. दादाचा एक फोटोसुद्धा नाही हो आमच्याकडं."

तिच्यासमोर काय विचारणार? चहा घेऊन मी उठले. कौसाबाई फाटकापर्यंत आल्या आणि त्यांनीच विचारलं, "पोराचं काय निघालं का?"

मी सगळं सांगितलं. त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

"सर व्हते तवर दर साली सांगायचे. पाचवीत गेला, आठवीत गेला. पुढं शाळा सोडली म्हनले. सर गेले आन् खबर बंद झाली." मग म्हणाल्या, "नका छापू बाई. पोरगी माझ्या हातचं पानी पिनार नाय."

"मी बघते," मी म्हणाले.

मी काय बघितलं ते सांगते. सरांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता म्हणून रेवतीला खरं सांगितलं नाही. त्याऐवजी पुस्तकी कारणं देत राहिले: वाचक दुखावतील, मूळ लेखकाशी प्रतारणा होईल. तिनं प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं आणि तिची उत्तरं माझ्या मुद्द्यांपेक्षा चांगली होती. समीर म्हणाला, "मावशी, पुस्तक चांगलं आहे की नाही ते सांगा." पुस्तक चांगलं होतं. मी नाही म्हणू शकले असते, काम सोडू शकले असते, रेवतीला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सगळं सांगू शकले असते. मी यातलं काहीच केलं नाही. मी त्या पुस्तकाचं संपादन केलं. इतकंच नाही, तर चांगलं केलं. मुलगा सकाळी उठतो आणि आईला शोधत विहिरीपर्यंत जातो ते प्रकरण मध्ये कुठंतरी दडलं होतं. ते मी उचलून अगदी सुरुवातीला ठेवलं. पुस्तक उभं राहिलं ते त्यामुळं, असं रेवती आजही म्हणते.

पुस्तक आल्यावर गहजब झाला. एका बाईंनी ते दोन तुकडे करून पोस्टानं परत पाठवलं. 'आमची इंदू असं करणार नाही,' असं कितीतरी जणींनी लिहिलं. दोन ठिकाणी परिसंवाद झाले. मूळ गोष्ट पवित्र असते का, पात्रावर मालकी कुणाची, यावर शहाणी माणसं तावातावानं बोलली. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं.

साधारण महिन्यानं मंगल ऑफिसात आली. नवं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं.

"हे रचलेलं आहे ना, मॅडम?"

"लेखिकेनं तिच्या मनानंच लिहिलंय," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"मीही आईला तेच म्हणाले. आई, काय वाट्टेल ते लिहितात बघ, असं हसून म्हणाले. तर आई म्हणाली, 'व्हय, जिता व्हता.'" मंगलनं माझ्याकडं पाहिलं. "मी म्हणाले, उठवायचा ना त्याला. तर म्हणते, 'उठवला असता तर तिघं बी घावलो असतो.' बरं, नंतर? एवढ्या वर्षांत बसनं जायला तास लागत नाही. त्यावर उठून आत गेली." मग तिनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून आला होतात ना?"

मी हो म्हणाले. ती पुस्तक तिथंच टाकून निघून गेली.

त्याच आठवड्यात ती दौलताबादला गेली. भाऊ शोधायला वेळ लागला नाही. किल्ल्याच्या पायथ्याला सीताफळं आणि पेरू विकतो, नाव दत्ता. वय पन्नाशीच्या आसपास. त्यांचं काय बोलणं झालं ते तिनं मला पुष्कळ दिवसांनी फोनवर सांगितलं.

बाप पुढं दारूनं गेला. आजीनं सांगितलं होतं, तुझी आई मेली. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा 'इंदूचा माळ' आलं. नावं बदललेली असली तरी लेखक गावचेच गुरुजी, तेव्हा कुणाची गोष्ट आहे हे गावानं आठ दिवसांत ओळखलं. शाळेतल्या पोरांना खेळच मिळाला. हजेरीत त्याचं नाव आलं की मागून कुणीतरी म्हणायचं, तो तर मेला. अंगड्याचा उतारा पोरं त्याच्या तोंडावर म्हणायची. त्यालाही तो पाठ झाला. आई जिवंत आहे हे त्याला त्या पुस्तकातून कळलं, आणि आपण तिच्यासाठी मेलेले आहोत हेही.

"सर सगळ्यांना मारायचे," त्यानं मंगलला सांगितलं होतं. "मला कधीच नाय. वर्गात माझ्याकडं बघायचे बी नाय. मला वाटायचं, मी मेलेला हाये म्हणून."

नवं पुस्तक त्याच्या मुलीनं त्याला वाचून दाखवलं होतं. मंगलनं विचारलं, राग आला का? तो म्हणाला, "राग कशाचा? लई वर्सांनी कुणीतरी लिवलं, की मी जिता हाये."

आईला भेटायला चल, असं तिनं म्हटलं. तो फळं रचत राहिला.

मी रेवतीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी सांगायला हवं होतं तुम्ही. लिहिलं मी तरीही असतं. पण आधी त्यांच्याकडं गेले असते." त्या वर्षअखेरीला मी काम थांबवलं.

मंगल आईशी बोलेनाशी झाली. घर तेच, चूल तीच. ताट वाढायची, गोळ्या वेळेवर द्यायची, दवाखान्यात न्यायची. पण तोंडातून शब्द नाही. मी मध्ये दोनदा गेले. कौसाबाई ओट्यावर बसलेल्या असायच्या. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "मारत तर नाय ना ती मला. मंग झालं." आपण जेवढं सोसलं त्याच्याशी हे ताडून बघायची त्यांची रीत होती. पाचसहा महिने असे गेले. पावसाळा संपता संपता त्यांना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत त्या गेल्या. शेवटी मंगल बोलली का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

हर्सूलच्या स्मशानात पंधरावीस माणसं होती. अग्नी कोण देणार, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा मंगल म्हणाली, "मीच." तेवढ्यात भिंतीपाशी एक माणूस उभा दिसला. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. कुणीतरी विचारलं, "तुम्ही कोण, पाव्हणं?"

"दौलताबादहून आलोय," तो म्हणाला.

त्याची हनुवटी कौसाबाईंचीच होती. मंगल पेटती चूड घेऊन त्याच्यापर्यंत गेली आणि ती त्याच्यापुढं धरली. त्यानं हात मागं घेतले.

"तूच दे. माझा काय हक."

तिनं अग्नी दिला. तो शेवटपर्यंत थांबला. जमलेली माणसं पांगू लागली तेव्हा तो नळावर पाय धूत होता. मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"मी पुस्तकाच्या ऑफिसात होते," मी म्हणाले. "पहिल्या पुस्तकात तुमच्याबद्दल जे आहे ते सरांनी लिहिलं नाही. मी लिहिलं."

त्यानं नळ बंद केला. "तापाचं?"

"हो."

"अंगड्याचं बी?"

"तेही."

त्यानं टॉवेलनं एकेक पाय पुसला. माझ्याकडं बघितलं. बघण्यात राग नव्हता, ओळख तर नव्हतीच.

"किती वेळ लागला?" त्यानं विचारलं.

"एक दुपार."

त्यानं मान हलवली, चपला घातल्या आणि तो फाटकाकडं चालू लागला. मंगल दोन पावलं त्याच्या मागं गेली आणि तिनं हाक मारायला तोंड उघडलं. मग तशीच थांबली. नाव घेऊन हाक मारावी की दादा म्हणावं, हे तिला ठरवता आलं नसावं. तोवर तो रस्त्याला लागला होता.